या काळ्या पडद्याचा धनी कोण?

ज्या वस्तूची पूर्ण किंमत आपण मोजली, जिच्या पावतीवर नाव आपले, जिचे हप्ते दरमहा आपल्या पगारातून वळते होतात, त्या वस्तूचा अर्धा भाग आपल्या आज्ञेत चालणार नाही आणि त्याची किल्ली सातासमुद्रापलीकडच्या एका कंपनीच्या तिजोरीत राहील, असे जर विक्रेत्याने गल्ल्यावर बसून स्वच्छ शब्दांत सांगितले असते, तर लॅमिंग्टन रोडवर आलेले अगदी भोळ्यातले भोळे गिऱ्हाईकही आल्या पावली दुकानाची पायरी उतरले असते. परंतु विक्रेत्याने ते सांगितले नाही. त्याला माल पुरवणाऱ्याने ते खोक्यावर छापले नाही. आणि ज्याने चिप घडवली त्याने तर वर्षानुवर्षे या विषयात मौनव्रतच धारण केले. दोन ग्राफिक्स चिप असलेला लॅपटॉप विकत घेऊन त्यावर लिनक्स चालवू पाहणाऱ्या माणसाच्या वाट्याला गेली पंधरा वर्षे जो काळा पडदा येत आहे, त्याला कोणी तांत्रिक अडचण म्हणतात, कोणी ड्रायव्हरचा घोळ म्हणतात, कोणी हौशी पोरांची डोकेदुखी म्हणून हसण्यावारी नेतात. आम्ही त्याला लबाडी म्हणतो.

प्रकरण मुळापासून पाहिले पाहिजे. लॅपटॉपच्या प्रोसेसरच्या पोटातच एक काटकसरी ग्राफिक्स चिप असते. पत्र लिहिणे, हिशेब मांडणे, चित्रपट पाहणे एवढ्याला ती पुरते. जड कामासाठी, म्हणजे खेळ, त्रिमिती आराखडे किंवा यंत्रशिक्षण यांसाठी, दुसरी दांडगी चिप बसवतात, आणि ती वीज अशी पिते की बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. या दोघींत तडजोड घडवून आणण्यासाठी एनव्हिडिया कंपनीने फेब्रुवारी २०१० मध्ये ‘ऑप्टिमस’ नावाची रचना जाहीर केली. पडद्याच्या तारा लहान चिपलाच जोडायच्या. मोठीने गरज पडेल तेव्हा जागे व्हावे, चित्र रेखाटावे, ते तयार चित्र लहानीच्या स्मृतीत उतरवावे आणि काम संपताच वीज तोडून गाढ झोपी जावे. कल्पना उत्तम होती, हे मान्य करण्यात आम्हांला तिळमात्र संकोच नाही. पण ही जागवण्या-निजवण्याची सारी विद्या कंपनीने विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये घातली आणि लिनक्सच्या वाट्याला काहीच ठेवले नाही. गाडीला दोन बैल जुंपून गाडी विकली, पैसे दोन्ही बैलांचे घेतले, आणि दुसऱ्या बैलाची वेसण मात्र व्यापाऱ्याने आपल्या मुठीत ठेवली. गिऱ्हाईक गाडी घेऊन घरी निघाले तेव्हा त्याला कळले की दुसरा बैल नुसताच चारा खातो.

आणि खातो म्हणजे खरोखरच खातो. लिनक्समध्ये त्या मोठ्या चिपला झोपवण्याचे ज्ञान नसल्याने ती कामाशिवाय जागी राहायची. काही न करता तापायची. पंखा घरघरत राहायचा. आणि ज्या काटकसरीच्या नावाने ही रचना जन्माला आली, ती काटकसर औषधालाही उरायची नाही. ज्या महिन्यात कंपनी ऑप्टिमसचा डांगोरा पिटत होती, त्याच फेब्रुवारी २०१० मध्ये लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, २.६.३३ ही आवृत्ती ‘नूव्हो’ या मुक्त ड्रायव्हरला पोटात घेऊन बाहेर पडली, हा योगायोग ज्यांना लज्जा आहे त्यांनी ध्यानात ठेवावा. एकीकडे अब्जावधींची कंपनी, जिच्याकडे स्वतःच्या चिपचे सगळे कागद होते. दुसरीकडे मूठभर स्वयंसेवक, जे कंपनीचा बंद ड्रायव्हर चिपशी काय बोलतो ते टिपून, त्या टिपणांतून चिपचा स्वभाव अंदाजाने ताडून, पानागणिक व्याकरण जुळवीत होते. त्यांच्याजवळ कागदाचा एक चिटोराही नव्हता. तो देण्यात कंपनीचे काय बुडणार होते?

ऑप्टिमसची उणीव भरून काढायला २०११ मध्ये असेच काही स्वयंसेवक पुढे आले आणि त्यांनी ‘बम्बलबी’ नावाची जोडणी तयार केली. मोठ्या चिपसाठी पडद्यामागे एक वेगळा, न दिसणारा डिस्प्ले चालवायचा आणि तेथे झालेले चित्र उचलून खऱ्या पडद्यावर आणायचे, अशी ती कसरत होती. त्याच वर्षी तिच्या इन्स्टॉल करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एका फोल्डरच्या मार्गात चुकून एक रिकामी जागा पडली. पुसायचे होते ड्रायव्हरचे एक जुने उपफोल्डर. त्या एका रिकाम्या जागेमुळे आज्ञेचा अर्थ झाला, ‘यूएसआर’ हे अख्खे फोल्डर पुसून टाका. बहुतेक सारे प्रोग्रॅम तेथेच राहतात. कित्येकांची व्यवस्था एका क्षणात भुईसपाट झाली. जगभरच्या संगणकवाल्यांनी या चुकीची यथेच्छ टिंगल केली, अजूनही करतात, आणि प्रोग्रॅमिंगच्या नवशिक्यांना ती भीतीची गोष्ट म्हणून सांगतात. आम्हांला मात्र त्या टिंगलीत सहभागी होण्याची इच्छा नाही. फुकट वेळ देणाऱ्या माणसाला अनोळखी लोकांच्या यंत्रांच्या मुळावर कुऱ्हाड चालवण्याची पाळी ज्यांच्या आळसामुळे आली, ते त्या दिवशी कोठे होते? चूक स्वयंसेवकाची, पाप कंपनीचे.

पुढच्या वर्षी, जून २०१२ मध्ये, फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांची प्रश्नोत्तरे चालू असताना श्रोत्यांतील एका स्त्रीने उठून विचारले, की मी ऑप्टिमसचा लॅपटॉप घेतला आहे, लिनक्सवर कंपनी त्याला आधार देत नाही, याचे काय करायचे? उत्तरादाखल टोरवाल्ड्स यांनी ही आपला संबंध आलेल्या कंपन्यांतली सर्वांत वाईट कंपनी असल्याचे सांगितले आणि कॅमेऱ्याकडे पाहून बोटाने एक असभ्य खूण केली. ते चित्र क्षणात पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. लोकांनी ते भिंतींवर लावले, अंगावरच्या शर्टांवर छापले, त्यावर विनोद रचले. बोट अजरामर झाले. प्रश्न विचारणाऱ्या बाईचा लॅपटॉप मात्र होता तसाच राहिला, आणि तिने काय विचारले होते हे आज शंभरातल्या एकालाही आठवत नसेल. संतापाचा तमाशा पाहण्यात आपण एवढे रमतो की संतापाच्या कारणाचा निकाल लावायचे आपल्या लक्षातच राहत नाही.

कंपनीचे वकील येथे मोठ्या तोऱ्याने एक दाखला पुढे करतील. दोन ड्रायव्हरांनी एकमेकांना चित्र सोपवण्यासाठी कर्नलमध्ये जी ‘डीएमए-बफ’ नावाची सोय झाली होती, ती आपल्या बंद ड्रायव्हरला वापरू द्यावी अशी मागणी कंपनीतर्फे २०१२ मध्ये करण्यात आली, आणि ॲलन कॉक्स यांच्यासारख्या जुन्या कर्नलकारांनी ती साफ धुडकावली. तेव्हा दार तुमच्याच लोकांनी लावले, आम्हांला कशाला बोल लावता? युक्तिवाद वरवर गोजिरा आहे. पण ज्यांनी जीपीएल परवान्याच्या अटीवर, ‘आम्ही दाखवतो तसे तुम्हीही दाखवा’ या एकाच अटीवर, आपले वर्षानुवर्षांचे श्रम जगाच्या ओंजळीत घातले, त्यांनी ती अट एका श्रीमंत पाहुण्यासाठी शिथिल का करावी? इंटेलने अट पाळली. एएमडीने २००७ मध्ये चिपची कागदपत्रे खुली करण्याचा मार्ग धरला, आणि त्या कंपनीचा मुक्त ड्रायव्हर आज कर्नलमध्येच नांदतो. तेथे दुसऱ्या चिपवर एखादा प्रोग्रॅम चालवायला एक चल आज्ञेआधी लिहिले की काम भागते. त्यांचा धंदा बुडाला नाही. त्यांच्या घरावर जप्ती आली नाही. पंक्तीला सगळ्यांबरोबर बसायचे, पण आपले ताट झाकून ठेवायचे, हा हट्ट एकाच कंपनीचा होता.

मग काय झाले ते ऐका. २०१३ मध्ये, ३१९ क्रमांकाच्या ड्रायव्हरमध्ये, कंपनीने एक अर्धवट सोय दिली: सगळा पडदा सर्वकाळ मोठ्या चिपनेच रंगवायचा. म्हणजे बॅटरी वाचवण्यासाठी बनवलेल्या यंत्रात बॅटरी जाळूनच चित्र पाहायचे. आणि चिप बदलायची झाली की लॉग-आउट करायचे, उघडी कामे बंद करायची आणि पुन्हा आत यायचे. हवा तो एकच प्रोग्रॅम मोठ्या चिपवर चालवण्याची खरी सोय कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये आली ती ऑगस्ट २०१९ मध्ये, ४३५ क्रमांकाच्या मालिकेत. जाहिरात २०१०, पूर्तता २०१९. नऊ वर्षे! एवढ्या काळात पहिलीतले पोर दहावीच्या उंबरठ्यावर येते. आणि या विलंबाहूनही भयंकर गोष्ट पुढेच आहे. ऑप्टिमसच्या आरंभीच्या वर्षांतील असंख्य लॅपटॉपांत ‘फर्मी’ पिढीच्या चिप होत्या. त्या पिढीसाठी शेवटची ड्रायव्हर-मालिका होती ३९०. ४३५ मध्ये आलेली सोय ३९० ला कधीच मिळाली नाही, आणि २०२२ अखेर ३९० चाही आधार कंपनीने काढून घेतला. याचा अर्थ साध्या मराठीत असा, की ज्यांच्या पैशांवर ही रचना बाजारात रुजली, त्या पहिल्या गिऱ्हाइकांना जाहिरातीतले वचन लिनक्सवर कंपनीच्या हातून कधीच मिळाले नाही. त्यांना आधी थांबायला सांगितले, आणि मग तुमचे यंत्र जुने झाले म्हणून सांगितले.

आमच्या सुखवस्तू वाचकांपैकी ज्यांना हे सारे आकड्यांचे आणि आवृत्त्यांचे जंजाळ वाटत असेल, त्यांनी एका रात्रीपुरते अभियांत्रिकीच्या वसतिगृहात यावे. प्रकल्प सादर करायला एक दिवस उरला आहे. मुलाने आज्ञाधारकपणे सुरक्षा-अपडेट घेतले. त्याबरोबर नवे कर्नल आले. कंपनीचा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरचा, म्हणून प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो नव्याने घडवावा लागतो. हे काम ‘डीकेएमएस’ नावाची व्यवस्था गुपचूप करते, पण त्या कर्नलच्या हेडर फाइली उतरलेल्या नसतील तर ती गुपचूप हरतेही. मुलगा यंत्र पुन्हा चालू करतो. निर्मात्याचे बोधचिन्ह चमकते, डाव्या कोपऱ्यात एक आडवी रेघ लुकलुकते, आणि मग काही नाही. तो कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकदम दाबतो. अक्षरांचा पडदा येतो. तो जीव मुठीत धरून ‘एलएसपीसीआय’ची आज्ञा देतो. दोन ओळी दिसतात, एक इंटेलची, दुसरी ‘थ्रीडी कंट्रोलर’ म्हणून एनव्हिडियाची, आणि त्या दुसरीखाली कोणता ड्रायव्हर वापरात आहे हे सांगणारी ओळच नाही. ‘डीकेएमएस स्टेटस’ विचारले तर ‘इन्स्टॉल्ड’ असायला हवे तेथे नुसते ‘ॲडेड’. हेडर उतरवले, ड्रायव्हर घडला. आनंद? अजून नाही. यंत्रात ‘सिक्युअर बूट’ चालू आहे, म्हणून सहीशिवाय मॉड्यूल आत येणार नाही. मग किल्ली तयार करा, परवलीचा शब्द ठरवा, यंत्र पुन्हा चालू करा; आता एक निळा पडदा येईल आणि दहा सेकंद थांबेल; त्या दहा सेकंदांत कळ दाबली नाही तर तो काहीही न बोलता निघून जाईल, आणि किल्ली नोंदवण्याचा सगळा विधी पहिल्यापासून.

एवढ्यात शेजारच्या खोलीतला जाणता मित्र येतो आणि यंत्र सुरू होताना कर्नल निवडणाऱ्या ‘ग्रब’च्या ओळीत ‘नोमोडसेट’ घालायला सांगतो. पडदा उजळतो. मुलगा त्याचे पाय धरायचाच काय तो बाकी राहतो. पण तो रेंडररचे नाव विचारून पाहतो तेव्हा उत्तर येते ‘एलएलव्हीएमपाइप’. म्हणजे दोन्ही चिप बाजूला बसल्या आहेत आणि सारे चित्र बिचारा प्रोसेसर एकटा हाताने रंगवतो आहे. त्या एका शब्दाने एका चिपचा नव्हे, दोन्हींचा ड्रायव्हर बाहेर काढला. खिडकी सरकवली की ती फरपटत येते. दुसऱ्या दिवशी, सगळे मार्गी लागले असे समजून, तो परीक्षकांपुढे प्रोजेक्टरची तार जोडतो आणि प्रोजेक्टर कोरा राहतो. कारण पुष्कळ लॅपटॉपांत बाहेरच्या पडद्याची खोबण थेट मोठ्या चिपला जोडलेली असते, आणि मुलाने बॅटरीसाठी तिला निजवलेले असते. ही जोडणी अशी आहे हे खोक्यावर छापलेले नाही, माहितीपुस्तिकेत नाही, विकणाऱ्याला ठाऊक नाही. परीक्षक घड्याळाकडे पाहतात. त्यांतील एखादा सुज्ञ गृहस्थ म्हणतो, ‘म्हणून सांगत होतो, विंडोज वापर.’

या सुज्ञ गृहस्थाशी आमचे भांडण आहे. चोराने घर फोडले म्हणून फिर्यादीलाच ‘तुला घर कशाला हवे होते’ असे विचारणारी ही वृत्ती आहे, आणि ती केवळ परीक्षकाच्या खुर्चीत नसते. लिनक्सचा झेंडा खांद्यावर मिरवणाऱ्यांच्या दिंडीतही ती तेवढीच बोकाळली आहे. अडलेल्या माणसाने प्रश्न विचारला की त्याच्या तोंडावर ‘आधी वाचून ये’ असे फेकायचे. दोन वर्षांपूर्वीच्या आवृत्तीसाठी लिहिलेली, आज घातक ठरेल अशी आज्ञांची यादी त्याच्या हाती ठेवायची. आणि तिने यंत्र बसले की ‘एनव्हिडिया घेतलीसच कशाला’ म्हणून मोकळे व्हायचे. चुकीच्या प्रश्नाचे उत्तर अर्ध्या तासात शंभर जण देतात. त्याला फक्त एवढे सांगायला कोणी नसते, की आधी नोंद वाच, मागच्या बूटच्या नोंदी ‘जर्नलसीटीएल’मध्ये जपून ठेवलेल्या असतात, त्यांत मॉड्यूल का नाकारले गेले ते बहुधा लिहिलेले असते, एका वेळी एकच बदल कर, आणि जुने कर्नल ग्रबच्या यादीत अजून शाबूत आहे, रात्रीपुरते त्यात शिर आणि झोप. ज्ञान वाटण्याची शपथ घेतलेल्यांनी ज्ञानाचा तोरा मिरवावा, याहून मोठा ढोंगीपणा कोणता?

त्याहून मोठा ढोंगीपणा आहे; तो आता सांगतो. कंपनीचे आश्रित आम्हांला म्हणतात, लॅपटॉपवर लिनक्स वापरणारे आहेत किती? चार डोकी! त्यांच्यासाठी एवढा खर्च कोणी करावा? तर मग याचे उत्तर द्या. जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालते. आपल्या पुण्यात सी-डॅकमध्ये ‘परम सिद्धी-एआय’ उभा आहे. नोव्हेंबर २०२० च्या त्या यादीत तो ६३ वा होता. त्यात एनव्हिडियाच्याच ए-१०० चिप आहेत आणि त्या लिनक्सवरच चालतात. आज या कंपनीच्या तिजोरीत धो धो कोसळणारा पैसा मुख्यतः डेटा सेंटरांतून येतो, आणि तेथे लिनक्सचेच राज्य आहे. म्हणजे लिनक्ससाठी ड्रायव्हर लिहिता येत नाही असे नाही, लिहायला माणसे नाहीत असेही नाही. पुण्यात पाषाणच्या रस्त्यावर एका इमारतीत त्याच कंपनीची चिप त्याच लिनक्सवर शास्त्रज्ञांपुढे हात जोडून उभी राहते, आणि चार कोसांवरच्या वसतिगृहात तिचीच धाकटी बहीण गरीब विद्यार्थ्याला काळे तोंड दाखवते. भेद तंत्राचा नाही. भेद गिऱ्हाइकाच्या पाकिटाचा आहे.

पुरावा हवा? मे २०२२ मध्ये, बारा वर्षांच्या विनवण्या आणि शिव्याशापांनंतर, कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग एकदाचा खुला केला. जगभर जयजयकार झाला. आम्हीही आनंद मानला असता. पण सोबतची अट वाचा. डेटा सेंटरच्या चिपसाठी हा भाग पूर्ण तयार, आणि तुमच्या-आमच्या घरांतल्या जीफोर्स चिपसाठी तो केवळ प्राथमिक, कच्च्या दर्जाचा, असे कंपनीनेच तेव्हा जाहीर केले. पंक्तीत आधी कोण बसले आणि उष्टे कोणाच्या वाट्याला आले, हे यापेक्षा स्पष्ट कसे लिहायचे? पुढे तो घरगुती चिपसाठीही सुधारला, हे खरे. नव्या चिपवर आता तोच वापरला जातो, हेही खरे. पण चित्र रेखाटणारा वरचा भाग आजही बंदच आहे, आणि खुला झालेला भाग २०१८ च्या ‘ट्युरिंग’ पिढीपासून पुढच्यांनाच लागू पडतो. मोठ्या चिपची वीज आपोआप पूर्ण तोडण्याची कंपनीची सोयही त्याच पिढीपासून पुढे. त्याआधीच्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी कंपनीने एक वेगळीच व्यवस्था करून ठेवली आहे, आणि ती ऐकून ज्याच्या अंगाची लाही होणार नाही त्याला आम्ही थंड रक्ताचा प्राणी समजू.

२०१४ मध्ये ‘मॅक्सवेल’ची दुसरी पिढी आली, तेव्हापासून चिपच्या आतील फर्मवेअरवर कंपनीची सही सक्तीची झाली. सही नसेल तर चिपचा वेग वाढवता येत नाही. म्हणजे ज्या ‘नूव्हो’वाल्यांनी एकही कागद हाती नसताना चिपची भाषा शिकून घेतली होती, त्यांची भाषा चिपला समजत असूनही ती त्यांचे ऐकणार नाही, असा बंदोबस्त झाला. चिप चालू होताना ज्या रडतखडत वेगात असते, त्याच वेगात ती मुक्त ड्रायव्हरखाली आजन्म राहणार. स्वतः करायचे नाही, आणि जो फुकट करतो आहे त्यालाही करू द्यायचे नाही! याला व्यापारी धोरण म्हणणाऱ्यांनी आपल्या विवेकाची एकदा तपासणी करून घ्यावी.

आणि आता या सगळ्याचे पर्यवसान पाहा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ला इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात. त्याआधीचे लॅपटॉप दाराबाहेर. घरोघरी चांगले चालणारे, कळफलक शाबूत असलेले, मुलांच्या अभ्यासाला सहज पुरतील असे हे लॅपटॉप. त्यांच्या मालकांना सगळे शहाणे एकमुखाने सांगत आहेत की लिनक्स टाका, यंत्र आणखी पाच वर्षे जगेल. सल्ला सोन्यासारखा आहे. पण त्या दारात कोण उभे आहे? त्याच वर्षी कंपनीने ठरवले की मॅक्सवेल आणि पास्कल या पिढ्यांसाठी ५८० ही शेवटची ड्रायव्हर-मालिका. कर्नल दर दोन-तीन महिन्यांनी पुढे सरकते; बंद ड्रायव्हर तेथेच गोठतो; आज ना उद्या एका अपडेटच्या सकाळी तो नव्या कर्नलवर घडायचे नाकारतो, आणि त्याला ठिगळ लावायला पुन्हा कोणीतरी फुकटचा स्वयंसेवक शोधायचा. मुक्त ड्रायव्हरकडे जावे तर तेथे सहीचे कुलूप. शेवटी यंत्र भंगारात जाते, आणि आई-बाप नव्याचा हप्ता बांधून घेतात. तो लॅपटॉप मेला नव्हता. त्याला मारले.

परंतु दूरच्या कंपनीवर दात खाऊन आपले हात स्वच्छ होत नाहीत. आपल्या घरात काय चालले आहे? केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा अंगीकार करण्याचे धोरण कागदावर उतरवले. पवईच्या आयआयटीत ‘फॉसी’ प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करतो, आणि ‘स्पोकन ट्यूटोरियल’चे लिनक्सचे पाठ मराठीतूनही ऐकायला मिळतात, या मंडळींविषयी आम्हांला आदरच आहे. अभियांत्रिकीच्या मुलांना ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रात्यक्षिकात लिनक्सच्या आज्ञा लिहायला लावतात, तोंडी परीक्षेत ‘कर्नल मॉड्यूल म्हणजे काय’ विचारतात, आणि वार्षिक अंकात मुक्त ज्ञानावर लेख छापतात. मग हीच महाविद्यालये प्रयोगशाळेसाठी लॅपटॉप विकत घेतात तेव्हा निविदेत काय लिहितात? रॅम किती, डिस्क किती, वॉरंटी किती, दर किती. दुसऱ्या चिपचा ड्रायव्हर लिनक्सवर कोण आणि किती वर्षे पुरवणार, याविषयी एक ओळ तरी असते काय? प्राचार्यांनी आपले कपाट उघडून शेवटची निविदा काढावी आणि स्वतःच वाचून पाहावे. जे शिकवायचे त्याचीच खरेदीच्या वेळी आठवण राहू नये, हे अज्ञान नव्हे. ही अनास्था आहे, आणि तिचा भुर्दंड मुलांनी भरायचा आहे.

ग्राहक चळवळीची मुळे ज्या भूमीत खोल गेली, जेथे भेसळीच्या तेलापासून मापातल्या पापापर्यंत लोकांनी व्यापाऱ्याला जाब विचारला, त्या महाराष्ट्राने या नव्या मापाकडे डोळेझाक का करावी? २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा वस्तूच्या दर्जाची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला देतो. दुसरी चिप कोणत्या व्यवस्थेत चालते, कोणत्या व्यवस्थेत नुसतीच तापते, बाहेरच्या पडद्याची खोबण कोणत्या चिपला जोडली आहे, दोहोंत अदलाबदल करणारी कळ बायोसमध्ये आहे की नाही, आणि ड्रायव्हर कोणत्या वर्षापर्यंत मिळेल, ही दर्जाची माहिती नव्हे तर दुसरी कशाची? खोक्यावर खेळाच्या राक्षसाचे चित्र छापायला जागा आहे. या चार ओळींना नाही. ग्राहक संघटनांनी हा प्रश्न अजून हाती घेतला नसेल तर आता घ्यावा, आणि ‘तांत्रिक विषय आहे, आम्हांला कळत नाही’ ही सबब कृपा करून सांगू नये. तेलातली भेसळ ओळखायला तरी तुम्ही सारे रसायनशास्त्रज्ञ कोठे होता?

कंपनीकडे आमचे मागणे भिक्षेचे नाही. ज्या पिढीच्या चिपचा आधार तुम्ही काढून घेता, त्या पिढीची कागदपत्रे आणि वेग बदलण्याची मुभा देणारे सही केलेले फर्मवेअर त्याच दिवशी खुले करा. पुढचे ओझे उचलायला माणसे आहेत, ती पंधरा वर्षे उचलतच आहेत. तुम्हांला ज्यातून दमडीही मिळवायची उरली नाही, ते दुसऱ्याला दुरुस्त करू देण्यात तुमचे जाते काय?

आणि प्राचार्य, ग्रंथपाल, खरेदी समितीचे सदस्य, विभागप्रमुख, तुमच्याकडे तर आम्ही मागतही नाही, तुम्हांला बजावतो. जूनच्या प्रवेशांआधी प्रयोगशाळांची नवी खरेदी निघेल. तिच्या अटींत एक कलम घाला: पुरवठादाराने संस्थेच्या लिनक्सवर, सिक्युअर बूट चालू ठेवून, दोन्ही चिप आणि बाहेरचा पडदा चालवून तीन गोष्टी दाखवाव्यात: काम नसताना मोठी चिप झोपते, काम येताच उठते, आणि एक कर्नल-अपडेट झाल्यावरही दोन्ही तशाच चालतात. नमुन्याचे यंत्र टेबलावर मांडून घ्या. विभागातल्या दोन मुलांना शेजारी बसवा. काय तपासायचे ते त्यांना तुमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, त्यांनी त्यासाठी रात्री जाळल्या आहेत. पुरवठादार गुळमुळीत बोलू लागला, ‘अपडेट नंतर येईल’ म्हणाला, तर ते वाक्य त्याच्याकडून लेखी घ्या आणि त्याखाली त्याची सही घ्या. तोवर धनादेश फाडू नका.